एका रात्रीत काळी पडलेली अलॉटमेंट: आज काय तोडायचं, काय तसंच ठेवायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इंग्लंडच्या मधल्या भागात, मिडलंड्समध्ये, उताराच्या तळाशी पाच रॉडची, म्हणजे साधारण 125 चौरस मीटरची अलॉटमेंट (भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा), आणि हे तुमचं दुसरंच वर्ष. सप्टेंबरचा तिसरा आठवडा. ॲपवर रात्रीचं किमान तापमान 4 अंश दिसत होतं, तरी सकाळी गवत पांढरं झालेलं आणि दुपारपर्यंत रनर बीन्स (काठ्यांवर चढणारा, घेवड्यासारख्या शेंगांचा वेल), कोर्जेट (झुकिनी), लाल भोपळ्याचा वेल, बटाट्याचा पाला, टोमॅटो सगळं काळवंडलेलं. कोर्जेटवर रात्री नऊला फ्लीस (झाडं झाकायचं हलकं, पातळ कापड) घातली होती, टोमॅटोवर प्लास्टिक टाकलं होतं, तरीही. यातलं काही पुन्हा फुटेल का, जी फळं लागली आहेत ती खाता येतील का, आणि 4 अंशांना फ्रॉस्ट (गोठवणारी थंडी, हिमतुषार) पडलाच कसा, असं तुम्ही विचारलंय.

आज एकही झाड उपटू नका. फळं आणि शेंगा मात्र आजच्या आज, अंधार पडायच्या आत तोडून घ्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिल्या धक्क्यात बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. काळं झालेलं डोळ्यांना बघवत नाही म्हणून वेल ओढून काढतात आणि फळं 'बघू उद्या' म्हणून तिथेच राहतात. मी वीसपेक्षा जास्त वर्षं अलॉटमेंट करतोय आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत मीही हेच केलं. झाड गेलं असेल तर ते उद्याही गेलेलंच असणार, त्याची घाई नाही. पण काल रात्री त्याच्या पानांनी खालच्या फळावर छप्पर धरलं होतं. ते छप्पर आज नाही. आजची रात्र कालच्याइतकी थंड नसली तरी फळ आता उघड्या आकाशाखाली आहे.

न उपटण्याचं दुसरं कारण असं की पहिल्या दिवशी नुकसान नीट कळत नाही. थंडीने मारलेलं पान सकाळी पांढऱ्या कडांचं, कडक असतं. ऊन लागून वितळलं की गडद हिरवं, चकचकीत, पाणी भरल्यासारखं दिसतं. दोन बोटांत चुरडलंत तर उकडलेल्या पालकासारखं लागतं, वासही तसाच शिजलेल्या पाल्याचा येतो. मग एक-दोन दिवसांत ते काळं पडून वाळतं. होतं असं की पेशींच्या मधल्या पोकळ्यांतलं पाणी गोठतं, ते बर्फ होताना पेशीच्या आतलं पाणी बाहेर ओढतं, पेशीचा पडदा फाटतो, आणि वितळल्यावर आतला रस नुसता बाहेर सांडतो. तो पडदा पुन्हा सांधत नाही. म्हणून मऊ पडलेलं पान कितीही पाणी घाला, उभं राहणार नाही. पण त्याच झाडाचं खोड, आतले कोंब, शेजारच्या फांदीआडची पानं धडधाकट असू शकतात, आणि ते कळायला दोन दिवस द्यावे लागतात. दोन दिवसांनी खोडावर नखाने हलकेच खरवडून बघा. सालीखाली ओलसर हिरवं दिसलं तर तिथपर्यंत झाड जिवंत आहे. तपकिरी आणि पाणचट असेल तर तेवढं गेलं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आज तुमच्या प्लॉटवर थंडीने स्वतः नकाशा काढून ठेवला आहे. एक वही घ्या आणि काळं कुठे सुरू होतं, कुठे थांबतं ते लिहा. बीन्सच्या काठ्यांवर किती उंचीपर्यंत पानं गेलीत? शेडच्या भिंतीलगत काय वाचलं? तुम्हीच लिहिलंय की शेडच्या दाराशी कुंडीत ठेवलेल्या मिरच्यांना काहीच झालं नाही. त्या का वाचल्या हे समजलं की बाकीचं का गेलं तेही समजतं.

ॲपवरचे 4 अंश खोटे नव्हते. हवामान खातं तापमान मोजतं ते जमिनीपासून 1.25 मीटर उंचीवर, सावलीतल्या पेटीत. तो आकडा शून्याखाली गेला तर त्याला एअर फ्रॉस्ट म्हणतात. गवताच्या पातीवरचं तापमान शून्याखाली गेलं तर तो ग्राउंड फ्रॉस्ट. निरभ्र, निवांत रात्री या दोन उंचींमध्ये तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो, कधी त्याहून जास्त. जमीन, पानं, गवत सगळी रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडत असतात. वर ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत पाठवतात, आणि वारा असला तर वरची उबदार हवा खाली घुसळली जाते. दोन्ही नसतील तर पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं. शिवाय ॲपवरचा आकडा बऱ्याचदा शहराचा असतो, जिथे विटा आणि डांबर दिवसाची ऊब धरून ठेवतात. उघड्या प्लॉटवर तसं काही नसतं.

त्यात तुमचा प्लॉट उताराच्या तळाशी. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून हळूहळू खाली वाहते आणि जिथे अडेल तिथे साचते. तुमच्या खालच्या अंगाला झुडपांचं दाट कुंपण आहे असं तुम्ही म्हणता. म्हणजे ओढ्याला बांध घातल्यासारखं झालं. आज बीन्सच्या वाफ्यात उभं राहून बघा. कमरेपर्यंत सगळं काळं आणि वर एक हिरवी रेघ, असं दिसलं तर ती थंड हवेच्या तळ्याची पातळी आहे. माझ्या एका जुन्या प्लॉटवर ही रेघ इतकी सरळ होती की काठीवर खडूने खूण करता आली. पुढची बरीच वर्षं फ्रॉस्टची हवा त्या खुणेच्या आसपासच थांबायची.

मिरच्या वाचल्या त्या भिंतीमुळे आणि शेडच्या छपराच्या पुढे आलेल्या कडेमुळे. भिंतीने दिवसभराची ऊब रात्री परत दिली, आणि त्या कडेने झाडाला उघडं आकाश दिसूच दिलं नाही. फ्रॉस्टपासून वाचवणं म्हणजे मुळात एवढंच: झाडाला जमिनीची ऊब मिळू देणं आणि आकाश दिसू न देणं.

याच मापाने तुमची फ्लीस आणि प्लास्टिक तपासू. फ्लीस काही उष्णता तयार करत नाही, जमिनीतून येणारी ऊब तेवढी अडवून धरते. रात्री नऊपर्यंत तुमच्या वाफ्याने तीन-चार तास आकाशाला उष्णता देऊन टाकली होती. दुपारी चार-पाचला, माती हाताला कोमट लागत असताना पांघरूण घालायचं असतं. दुसरं, तुम्ही लिहिलंय की फ्लीस 'झाडाभोवती गुंडाळून देठाशी बांधली'. त्यामुळे मातीची ऊब पांघरुणाच्या बाहेरच राहिली. पांघरूण तंबूसारखं चहूबाजूंनी जमिनीपर्यंत यायला हवं, जितकी जास्त माती आत तितकं चांगलं, आणि कडांवर विटा. पानं कापडाला चिकटली तर चिकटलेल्या ठिकाणी करपतात, म्हणून आत चार काठ्या किंवा वाकवलेला पाइप. चौरस मीटरला 17 ग्रॅम वजनाची पातळ फ्लीस साधारण दोन अंश राखते, 30 ग्रॅमची थोडं जास्त. जुनी चादर किंवा पडदा त्याहून चांगला. फक्त सकाळी तो काढावा लागतो, कारण त्यातून उजेड येत नाही.

प्लास्टिकचं दुखणं वेगळं. पातळ पॉलिथिनमधून जमिनीची उष्णता बऱ्यापैकी आरपार निघून जाते, आणि पानाला चिकटलेलं प्लास्टिक पानाइतकंच थंड होतं. टोमॅटोच्या ज्या पानांना ते टेकलं होतं नेमकी तीच आधी गेली असणार. बघून घ्या, बहुधा तसंच दिसेल.

आता तोडणीकडे येऊ, कारण आज तुमचा वेळ तिथेच जायला हवा.

सुरुवात लाल भोपळ्यापासून करा. पानं गेली म्हणजे भोपळा गेला असं नाही, काल त्या मोठ्या पानांनी त्याला झाकलं होतं. पण सालीला एकदा फ्रॉस्ट लागला की तो टिकत नाही. बाहेरून ठीक दिसतो आणि तीन आठवड्यांनी कपाटात बसल्या जागी मऊ पडतो. प्रत्येक भोपळा उचलून सगळ्या बाजूंनी बघा. साल कुठे गडद, ओलसर, काचेसारखी दिसतेय का? तो आठवडाभरात संपवायचा. बाकीच्यांवर अंगठ्याचं नख दाबा. नख रुतलं नाही, देठ वाळून बुचासारखा होत आलाय, थापटल्यावर पोकळ आवाज येतोय, तर तो पिकलेला आणि साठवणीचा. देठासकट कापा, देठाच्या दोन्ही बाजूंना वेलाचा बोटभर तुकडा ठेवून, आणि देठाला धरून उचलू नका. देठ मोडला की सड तिथूनच आत शिरते. मग दहाएक दिवस 25 ते 30 अंशांत सुकवायचा असतो. इंग्लंडातल्या घरात सप्टेंबरात एवढी ऊब मिळणं कठीण, तेव्हा दक्षिणेकडच्या खिडकीत ऊन येईल तिथे ठेवा आणि दोन आठवडे धरा. त्यानंतर 10 ते 15 अंशांच्या कोरड्या जागी, एकमेकांना न टेकवता. नख सहज रुततं असे कोवळे भोपळे साठवणीत टिकणार नाहीत, ते भाजीला घ्या. कोवळ्या भोपळ्याची भाजी दुधीच्या जवळ जाते, वाईट लागत नाही.

टोमॅटोला जास्त वेळ लागेल. हिरव्या टोमॅटोंपैकी कोणते घरात पिकतील आणि कोणते कधीच पिकणार नाहीत, हे बाहेरून पूर्ण वाढलेल्या आकारावरून आणि किंचित फिकट, पांढुरक्या झाकेवरून ओळखता येतं. खात्री करायची तर नमुन्याला एक आडवा कापा. बियांभोवती बुळबुळीत गर असेल आणि सुरी लागल्यावर बिया कापल्या न जाता बाजूला सरकत असतील, तर त्या आकाराचे आणि झाकेचे सगळे पिकतील. बिया सुरीखाली कापल्या गेल्या तर ते चटणीचे. ज्यांच्या सालीवर पाणी भरल्यासारखे डाग आहेत त्यांना फ्रॉस्ट लागला आहे, ते पिकत नाहीत, सडतात, आणि शेजारच्यालाही सडवतात. ते बाजूला काढून कंपोस्टात टाका.

चांगले टोमॅटो एका थरात, देठाची बाजू खाली करून ट्रेमध्ये पसरा. 18 ते 21 अंशांची खोली पुरते. अंधाराची गरज नसते, खिडकीतल्या उन्हाचीही नसते. लवकर हवे असतील तर ट्रेमध्ये एक पिकलेलं केळं ठेवून वरून कागद घाला. केळ्यातून सुटणाऱ्या वायूने पिकणं वेग घेतं. फ्रिजमध्ये हिरवा टोमॅटो ठेवू नका. 10 अंशांखाली काही दिवस राहिला की त्याची पिकण्याची यंत्रणाच बिघडते, मग बाहेर काढला तरी पचपचीत राहतो. रोज एकदा हात फिरवून बघायचं, मऊ पडलेला लगेच उचलायचा.

इथे सुरक्षेची एक गोष्ट. मेलेल्या किंवा फ्रॉस्ट लागलेल्या वेलावरचे टोमॅटो हवाबंद बाटल्यांत भरून वर्षभरासाठी ठेवू नका. त्यांचा आंबटपणा कमी झालेला असू शकतो, आणि हवाबंद साठवणीत विषारी जंतू वाढू नयेत यासाठी आपण त्या आंबटपणावरच विसंबून असतो. ताजे शिजवून खायला हरकत नाही.

आणि टोमॅटो-बटाट्याचं काळं पडणं फ्रॉस्टचंच आहे ना, हेही पाहून घ्या, कारण सप्टेंबरात करपाही येतो आणि लोक दोघांत गल्लत करतात. फ्रॉस्ट एका रात्रीत येतो, वरची आणि उघडी पानं मारतो, आतली झाकलेली सोडतो. करपा दमट, ऊबदार दिवसांत चार-पाच दिवस घेऊन पसरतो. पानावर तपकिरी ठिपके, ओल्या सकाळी पानाच्या मागे पांढरी लव, खोडावर काळपट पट्टे, आणि फळावर खडबडीत तपकिरी, टणक डाग. फ्रॉस्टचा डाग मऊ आणि पाणचट असतो, त्याला लव नसते. करपा असेल तर वरची टोमॅटो पिकवण्याची सगळी मेहनत वाया जाईल, ट्रेमध्येच डाग उमटतील. तसं दिसलं तर डाग नसलेले लगेच शिजवून टाका.

बटाट्याचं दुःख करू नका. पाला गेला तरी सप्टेंबरातला फ्रॉस्ट मातीत जेमतेम वरच्या थरापर्यंत पोचतो. पाला जमिनीलगत कापून टाका आणि बटाटे दोन आठवडे तसेच राहू द्या, तेवढ्यात साल घट्ट होते. मग एक उकरून अंगठ्याने साल घासा. सुटत नसेल तर कोरडा दिवस बघून सगळे काढा. वर डोकावणारे बटाटे असतील त्यांच्यावर आजच माती ओढा. रताळी लावली असतील तर मात्र वेल काळा पडताच काढायला घ्या. ती थंड, ओल्या मातीत लवकर बिघडतात.

रनर बीन्सच्या शेंगा एकेक वाकवून बघा. काडकन मोडली की चांगली, आजच तोडून शिजवा किंवा उकळत्या पाण्यातून काढून फ्रीझरमध्ये टाका. मऊ, काचेसारखी पारदर्शक झालेली शेंग गेली. बियांसाठी राखलेल्या शेंगांपैकी ज्या कागदासारख्या वाळल्या आहेत आणि हलवल्यावर खुळखुळतात त्यांना काही होत नाही, कारण कोरड्या बीमध्ये गोठायला पाणीच नसतं. हिरव्या शेंगेतलं टपोरं, ओलं बी मात्र फ्रॉस्टनंतर रुजेल याचा भरवसा धरू नका. अशा शेंगेतले दाणे सोलून खाणार असाल तर आधी किमान 10 मिनिटं खळखळून उकळा, कच्चे किंवा अर्धवट शिजलेले पोटाला फार त्रास देतात. वेल कापायचा तेव्हा जमिनीलगत कापा, मुळं राहू द्या. रनर बीन्सचं मूळ गाठाळ असतं, त्यावर हातभर कुजलेलं खत टाकलंत तर सौम्य हिवाळ्यात ते जगतं आणि मे महिन्यात पुन्हा फुटतं. माझ्याकडे दर तीन वर्षांत एकदा तरी फुटलंय.

कोर्जेटच्या झाडाच्या मध्यभागी, गड्ड्यात वाकून बघा. तिथला कोंब हिरवा आणि टणक असेल तर झाड तांत्रिकदृष्ट्या जिवंत आहे, आणि इथेच मला तुम्हाला थोडं थांबवायचं आहे. सप्टेंबरच्या या दिवसांत इथे दिवस रोज जवळपास चार मिनिटांनी लहान होतो. मोठी पानं गेलेल्या कोर्जेटला नवी पानं काढून, मग फूल काढून, मग फळ वाढवायला जेवढा उजेड लागतो तेवढा आता शिल्लक नाही. झाड जगेल, पण देणार काही नाही. मला वाटतं या मोसमात 'हे जगेल का' यापेक्षा 'हे अजून काही देईल का' हे विचारावं. कोर्जेट, काकडी, मका यांचं उत्तर आज नाही असंच आहे. हाती लागतील ती टणक फळं आणि कणसं घ्या आणि झाड सोडून द्या. कणसं दोन-तीन दिवसांत खाऊन टाका. बेसिल काळं पडलं असेल, ते तर 4-5 अंशांनाही पडतं, त्यासाठी फ्रॉस्टचीही गरज नसते.

कोथिंबीर बघितलीत का? तिला बहुधा काही झालं नसेल. हलका फ्रॉस्ट ती सहन करते. लीक, केल, पार्सनिप, स्प्राउट्स या थंडीच्या भाज्यांना तर हात लावू नका. थंडीत ती झाडं साखर वाढवून स्वतःला गोठण्यापासून वाचवतात आणि त्यामुळेच फ्रॉस्टनंतर गोड लागतात.

दोन उपायांबद्दल तुम्ही शेवटी विचारलं होतं. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात आणि बागेला पाणी देतात हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंय, तसं इथे करावं का? शेकोटी अजिबात नको. एवढ्याशा प्लॉटवर धुरापलीकडे काही हाती लागत नाही, आणि बऱ्याच अलॉटमेंटवर या दिवसांत जाळायला परवानगीही नसते. पाण्याचं तत्त्व बरोबर आहे, पण त्याच्या दोन तऱ्हा आहेत. पानांवर फवारत राहण्याची तऱ्हा रात्रभर न थांबता चालवावी लागते. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे 80 कॅलरी उष्णता सोडतं आणि ती पानाला वाचवते, पण फवारा मध्येच थांबला की बाष्पीभवनाने पान आणखी थंड होतं. टाकीतून डबा भरून आणणाऱ्या माणसाचं ते काम नाही. दुसरी तऱ्हा सोपी आहे आणि खरोखर उपयोगी पडते. दुपारी मातीला पाणी द्यायचं. ओली, दाबलेली, उघडी माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती वर पोचवते. कोरडी, भुसभुशीत माती आणि पेंढ्याचं आच्छादन उलटं काम करतं. ऊब खालीच अडकते आणि पेंढ्यावरची हवा जास्त थंड होते. भोपळ्याखाली पेंढा घातला असेल तर फ्रॉस्टच्या आदल्या दुपारी तो बाजूला ओढायला विसरू नका.

आता पुढचे तीन आठवडे. इथल्या शरदात फार वेळा असं होतं की एक थंड रात्र येते आणि नंतर दोन-तीन आठवडे पुन्हा सौम्य जातात. म्हणून जे अजून देऊ शकतं, म्हणजे टोमॅटोची आतली हिरवी फांदी, कोवळी कोथिंबीर, तेवढ्यावरच तुमची फ्लीस खर्च करा. ॲपवर किमान 4 किंवा कमी, आकाश निरभ्र, वारा जेमतेम, असे तीन योग जुळले की चार वाजता प्लॉटवर जायचं. ॲप दवबिंदूचं तापमान दाखवत असेल तर तेही बघा. ते 1-2 अंशांवर किंवा त्याखाली असेल तर हवा कोरडी आहे आणि तापमान भराभर उतरेल. पाऊस सरून उत्तरेचा वारा पडल्यानंतरची पहिली शांत रात्र मला सगळ्यात धोक्याची वाटते. आणि एक कमाल-किमान थर्मामीटर घ्या, तो गवताच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. दोन महिन्यांत तुमच्या प्लॉटचा आणि ॲपचा फरक कळेल. माझा फरक 5 अंशांचा निघाला, तेव्हापासून ॲपवरच्या आकड्यातून मी 5 वजा करूनच वाचतो.

पुढच्या वर्षासाठी आजची वही उपयोगी पडेल. नाजूक पिकं वरच्या अंगाला न्या, कुंपणाजवळच्या तळात लीक आणि केल लावा. कुंपण अलॉटमेंटच्या समितीचं असेल तर विचारून त्याच्या बुडाशी एखादी हातभर रुंद फट करून घ्या, थंड हवेला वाट मिळते. बाहेरच्या टोमॅटोचा शेंडा ऑगस्टच्या सुरुवातीला, चार घोस धरल्यावर खुडा. भोपळ्याच्या वेलावर दोन-तीन फळं ठेवून बाकीची काढा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला हातात पिकलेलं काही असेल. जुलैनंतर नत्राचं खत बंद. त्याने फुटणारी रसरशीत, मऊ पालवी थंडीत सगळ्यात आधी जाते. या वर्षी रिकाम्या होणाऱ्या वाफ्यांत ऑक्टोबरात लसूण टोचा, नोव्हेंबरात ब्रॉड बीन्स पेरा. काळा पाला कंपोस्टात गेला तर काही बिघडत नाही. करप्याचे बटाटे मात्र तिथे नकोत.

मिरच्यांचं शेवटी सांगतो, कारण ते काम संध्याकाळचं आहे. कुंड्या आज घरी न्या. पानांच्या मागे मावा असतो, तो दाराबाहेरच कोमट पाण्याने धुऊन काढा, नाहीतर घरभर पसरेल. आठवडाभर आहेत तशाच खिडकीत राहू द्या, लागलेल्या मिरच्या रंगतील. त्या तोडल्या की झाड वीतभर उंचीवर, फांद्यांच्या पहिल्या दोन-तीन जोडांच्या वर छाटा, अर्धी माती बदला, आणि 10 अंशांखाली जाणार नाही अशा उजेडाच्या खोलीत ठेवा. पाणी अगदी बेताने, बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली की मगच. डिसेंबर-जानेवारीत झाड नुसत्या काड्यांसारखं दिसेल, एकही पान नसेल, तेव्हा टाकून देऊ नका. फेब्रुवारीच्या अखेरीस सालीवर नख लावून बघा, हिरवं दिसलं की पाणी थोडं वाढवा.